नावांची वही

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने संगणक कक्षाविषयी काही लिहून द्यावे असा निरोप पाठवला, तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. वसतिगृहाची पहिली इमारत श्रमदानातून कशी उभी राहिली, दुष्काळाच्या वर्षी भोजनगृह कसे चालले, विहारासमोरचे बोधिवृक्षाचे रोप कुणी आणले, यांवर लिहिणारी जुनी जाणती माणसे आहेत. त्यांच्या आठवणींशेजारी अठरा संगणकांच्या एका खोलीची हकिगत ती काय शोभणार? त्यातून आमच्या हकिगतीचा मोठा भाग सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा, म्हणजे बोलताना आपण ज्यांना लायसन्स म्हणतो त्यांचा. विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. तरीही लिहीत आहोत. कारण या परवान्यांच्या बाबतीत आमच्या हातून ज्या चुका घडल्या त्यांची नोंद शाळेच्या एकाही वार्षिक अहवालात नाही, आणि त्यांतल्या एका चुकीचा त्रास एका मुलीला भोगावा लागला.

आम्ही म्हणजे तिघे. गणित शिकवता शिकवता संगणक शिकलेले एक शिक्षक, भित्तिपत्रकाचे काम पाहणाऱ्या चित्रकलेच्या बाई, आणि कक्षाची किल्ली सांभाळणारे मामा. आपल्याला संगणक येत नाही असे मामा स्वतः सांगतात. पण कुठल्या यंत्राचे कुठले बटण दाबले की अडकून बसते हे त्यांनाच ठाऊक. या लेखातील निम्म्या गोष्टी त्यांच्या स्मरणातून आल्या आहेत.

कक्षात प्रथम चारच संगणक होते. मराठी टंकलेखनासाठी आणि पत्रके जुळवण्यासाठी जे सॉफ्टवेअर घेतले होते, त्याच्याबरोबर बोटाएवढा एक ठोकळा आला होता. त्याला डोंगल म्हणत. तो संगणकाच्या पाठीमागे खोचला तरच मराठी अक्षरे उमटत. काढून घेतला की सॉफ्टवेअर मुके होई. संगणक चार आणि ठोकळा एक. मामा तो हातरुमालात गुंडाळून कपाटात ठेवत आणि एका दोनशे पानी वहीत लिहून घेत: कुणी नेला, किती वाजता नेला, परत केव्हा आणला. त्या वहीच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी 'नावांची वही' असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. ही व्यवस्था गैरसोयीची होती यात शंका नाही. जयंतीच्या आदल्या रात्री त्या ठोकळ्यासाठी रांग लागे. पण ठोकळा कुणाचे नाव विचारत नसे. ज्याच्या हाती तो, त्याची पाळी. मग पाचवीतला मुलगा असो की मुख्याध्यापक असोत. परवाना म्हणजे हाताने देता-घेता येणारी वस्तू, अशीच आमची त्या काळी समजूत झाली होती, आणि ती बरीच वर्षे टिकली.

संगणक वाढत गेले. काही देणगीत आले, काही एका कार्यालयाने मोडीत काढलेले आणून जोडले. तालुक्याच्या ठिकाणचा दुरुस्ती करणारा येई आणि एकाच सीडीवरून सर्व यंत्रांत सर्व काही टाकून देई. सीडीच्या पाकिटावर निळ्या शाईने पंचवीस अक्षरांची एक की लिहिलेली असे. तीच की अठरा ठिकाणी. आम्ही त्याला काही विचारले नाही. विचारले ते आठवीतल्या एका मुलाने. सकाळच्या वंदनेत पंचशील ग्रहण करून मुले पहिल्या तासाला येतात, आणि त्यातले दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आहे. तो म्हणाला, "सर, ही की आपल्याला कुणी दिली?" दुकानदाराने दिली, असे उत्तर मिळाले. "आणि त्याला?" आमच्यापैकी ज्याला हा प्रश्न विचारला गेला, त्याने घंटा होण्याची वाट पाहिली, हे इथे कबूल करणे भाग आहे.

नंतर आम्ही कायदा काढून वाचला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब घातले गेले. संगणक प्रोग्रामची अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी वा व्यापारात वापर नसेल तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. हा अपवाद वाचून आम्हांला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची थोडी लाजही वाटली. ती सीडी त्यानंतरही दोन वर्षे कपाटात होती आणि कक्ष तिच्यावरच चालत होता.

मग एक माजी विद्यार्थी भेटीस आला. पुण्यात नोकरी करतो. त्याने कक्ष पाहिला, पाकीट पाहिले, आणि काही न बोलता पुढच्या महिन्यात पाच परवाने शाळेस भेट म्हणून पाठवले. लेखन, तक्ते, सादरीकरण आणि कंपनीच्या सर्व्हरवर फायली ठेवण्याची जागा, असे ते सर्व मिळून होते. वर्गणी वर्षाची. आम्ही सत्कार केला, शाल दिली. परवाने पाहिले तेव्हा कळले की आता डोंगल नाही, सीडी नाही, पाकिटावरची कीही नाही. परवाना माणसाच्या नावाने मिळतो. त्या माणसाचा ईमेल पत्ता, त्याचा पासवर्ड, आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. त्याने आपल्या नावाने लॉगइन केले की सॉफ्टवेअर उघडते, आणि असे ते त्याला पाच संगणकांवर बसवता येते.

आमच्याकडे मुले दोनशे चाळीस. वसतिगृहात मोबाइल ठेवण्यास मनाई आहे, ती योग्यही आहे. ईमेल पत्ता कुणालाच नाही. ओटीपी यायचा तर तो कार्यालयातल्या एकुलत्या एक मोबाइलवर, आणि एका क्रमांकावर किती खाती उघडू द्यायची यालाही कंपन्यांच्या मर्यादा. बरे, खाते उघडायचे तर नाव कोणते लिहायचे? आमच्या कितीतरी मुलांचे नाव जनरल रजिस्टरात एक असते, आधारकार्डावर दुसरे, आणि घरी तिसरेच. वय अठराच्या आत, म्हणून पालकांची संमती हवी; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर आता ती पडताळता येईल अशी असावी असे म्हटले आहे. आणि पालक कुठे? आमची निम्मी मुले ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमारास आईबाप कारखान्याच्या फडावर जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात. फोन टोळीत एखाद्याकडे, तोही चार्ज असेल तर.

हे परवाने ज्यांनी आखले त्यांच्या डोळ्यांसमोरचा माणूस वेगळा असावा. एक माणूस, एक मोबाइल, एक ईमेल आणि त्याची स्वतःची दोन-तीन यंत्रे. आमच्या कक्षात हे गणित पुरते उलटे होते: एक यंत्र आणि त्यावर दिवसाला तेरा-चौदा मुले.

गणित उलटे असले तरी आमच्या गणिताच्या शिक्षकांनी ते सोडवले. पाच नावे, प्रत्येक नावावर पाच संगणक, म्हणजे पंचवीस. आमचे तर अठराच! चार नावांतच काम भागते आणि एक शिल्लक राहते. त्या संध्याकाळी आम्ही शिक्षकांच्या नावाची चार खाती अठरा संगणकांवर उघडली, पासवर्ड लक्षात ठेवण्याचा पर्याय निवडला, आणि निळ्या शाईचे ते पाकीट समारंभाने जाळले. मामांनी चहा आणला. परवान्याच्या अटींमध्ये पाच यंत्रे म्हणजे त्या एकाच माणसाची पाच यंत्रे असे स्पष्ट लिहिलेले होते. अटी आम्ही वाचल्या नव्हत्या. एवढे लांबलचक इंग्रजी कोण वाचतो, हे आमचे त्या वेळचे समर्थन होते. मुलांना मात्र आम्ही प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना दोनदा वाचायला सांगतो.

पुढे जे घडले ते लिहिण्यापूर्वी एक खुलासा. ज्या मुलीविषयी हे आहे ती आता परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून नोकरी करते. पुढचा मजकूर आम्ही तिला वाचून दाखवला. तिने एक वाक्य काढायला सांगितले. ते काढले आहे.

ती तेव्हा नववीत होती. आईवडील फडावर. यंदा उसावरून परतल्यावर तिचे लग्न उरकायचे असे घरात चालले असल्याचे तिच्या कानी आले होते. तिने वडिलांना पत्र लिहायचे ठरवले. हाताने लिहिले तर मुकादमाच्या हातून जाताना कुणी उघडून वाचेल, छापलेला कागद शाळेचा वाटेल आणि लोक जपून नेतील, असा तिचा विचार. नववीतल्या मुलीने केलेला हा विचार आम्हांला आजही चकित करतो. तिने सात नंबरच्या यंत्रावर तीन दिवस बसून ते पत्र टंकले आणि जतन केले.

सात नंबरचे यंत्र ज्या शिक्षकाच्या नावाने चालू होते, त्याच नावाने आणखी चार चालू होती. फाइल यंत्रात राहिली नाही, ती खात्यात गेली. आणि खाते उघडताच 'अलीकडील फाइल' म्हणून पहिल्या ओळीत ती पाचही यंत्रांवर दिसू लागली. शीर्षक म्हणून तिने फक्त 'दादांस' असे लिहिले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलाने ते उघडले. रात्रीच्या जेवणापर्यंत पत्रातली वाक्ये पंगतीत फिरत होती.

ती कक्षात येईनाशी झाली. कारण विचारले तर डोके दुखते म्हणे. आम्हांला चौथ्या दिवशी कळले, तेही मामांकडून. ज्या मुलाने पत्र उघडले त्याला शिक्षा करण्याचा प्रश्न निघाला. पण त्याने दुसऱ्याची पेटी फोडली नव्हती. कुलूप नसलेली एक सामाईक पेटी आम्हीच खोलीच्या मध्यभागी मांडून ठेवली होती, त्याने तिच्यात हात घातला होता.

वसतिगृहात प्रत्येक मुलाला पत्र्याची एक पेटी असते हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. खोली सामाईक, पंगत सामाईक, न्हाणीघर सामाईक. पण पेटी स्वतःची, आणि तिची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. त्या एवढ्याशा जागेत मूल काय ठेवते हे अधीक्षकही विचारत नाहीत. संगणक कक्ष उभारताना ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात कशी आली नाही, याचे उत्तर आमच्याकडे नाही.

पत्राचे पुढे असे झाले. मुख्याध्यापिका बाईंना सर्व कळल्यावर त्या स्वतः फडावर गेल्या, कोपीसमोर बसून तिच्या वडिलांशी बोलल्या. लग्न पुढे ढकलले गेले, मुलगी दहावीला बसली. तेव्हा पत्र उघडे पडले हे बरेच झाले, असे म्हणणारे आमच्यातही आहेत. आम्हांला ते मान्य नाही. ते पत्र तिला जेव्हा द्यायचे होते तेव्हा, ज्याला द्यायचे होते त्यालाच मिळायला हवे होते; आणि वडिलांनी तिच्या एकटीच्या शब्दावर काय केले असते हे जाणून घेण्याची तिची संधी आम्ही घालवली.

त्यानंतर आम्ही अटी वाचायला बसलो. इंग्रजीचे शिक्षक मदतीला होते. हळूहळू उमगले की आम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करत होतो. सॉफ्टवेअर वापरण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि मुलाचे स्वतःचे काम ठेवण्याची जागा ही दुसरी. नावाच्या परवान्यात या दोन्ही एकाच खात्याला बांधलेल्या असतात. ज्याचे स्वतःचे यंत्र आहे त्याच्या सोयीची ही गाठ आहे. सामाईक यंत्रांवर ती सोडवावी लागते. हक्क यंत्राला किंवा खोलीला मिळावा आणि पेटी मुलाला.

शोध घेतल्यावर दिसले की परवान्यांचे इतरही प्रकार आहेत. काही परवाने यंत्राच्या नावाने मिळतात. त्या यंत्रापुढे कुणीही बसावे. काहींत एक सर्व्हर एका वेळी किती जण वापरत आहेत एवढेच मोजतो, ग्रंथालयात एका पुस्तकाच्या पाच प्रती असाव्यात तसे: सहाव्याने थांबायचे, एकाने परत केली की घ्यायची. आमच्या डोंगलचाच हा वंशज. तिसरा प्रकार सामाईक संगणकांसाठीचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये अशी सोय केली तर बसणाऱ्याच्या पाच यंत्रांत ते यंत्र मोजले जात नाही. तो लॉगइन करतो तेव्हा तात्पुरता परवाना इंटरनेटवरून येतो आणि काही दिवसांनी नवा घ्यावा लागतो. नाही मिळाला तर फाइल वाचता आणि छापता येते, लिहिता येत नाही. शाळेच्या नावाचा डोमेन घेतला तर मुलांची खाती शाळेलाच उघडता येतात, प्रत्येकामागे मोबाइल लागत नाही, आणि पात्र शाळांना काही कंपन्या हे विनामूल्यही देतात, हेही तेव्हाच कळले. पण हे सर्व इंटरनेटच्या भरवशावर. आमच्याकडे पावसाळ्यात तार तुटली की आठवडा जातो, आणि इतर ऋतूंतही तिचा फारसा भरवसा नाही.

म्हणून आम्ही आधी पेटी केली. एका जुन्या संगणकात एक टेराबाइटची नवी डिस्क बसवून त्याचा सर्व्हर केला. प्रत्येक मुलाला त्यावर दोन जीबीची जागा, लॉगइन म्हणून जनरल रजिस्टरचा क्रमांक, आणि पासवर्ड त्याने स्वतः ठरवलेला. ना ईमेल, ना ओटीपी, ना खोलीबाहेर जाणारी कुठली माहिती. कुठल्याही यंत्रापुढे बसले तरी आपलीच पेटी उघडते. पाचवीची मुले दर सोमवारी पासवर्ड विसरतात, तेव्हा मामा वहीत नोंद करतात आणि सर नवा देतात. पेटीची किल्ली हरवली तर कुलूप बदलून देतात, तसेच. शनिवारी सर्वांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते. दहावी झाल्यावर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर मुलाचे काम पेनड्राइव्हवर त्याच्या हाती देतो, वर्षभर इथेही ठेवतो, मग पुसतो.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर बारा यंत्रांवर लिनक्स घातले. लेखनाला लिबरऑफिस, चित्रांना जिम्प आणि इंकस्केप, लहान मुलांना स्क्रॅच. मराठी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. हे सर्व परवान्याशिवाय आहे असा अनेकांचा समज असतो, तसे नाही. यांनाही परवाना आहे, जिम्पला जीएनयूचा, लिबरऑफिसला मोझिलाचा. फरक इतकाच की वापरणाऱ्याला तो नाव विचारत नाही आणि प्रत काढायला मनाई करत नाही. आठवीच्या त्या प्रश्नकर्त्याला ('ही की कुणी दिली?') आता उत्तर देता आले असते. तो मात्र तोवर शाळा सोडून गेला होता.

यावर आक्षेप आले, तेही आपल्याच माणसांकडून. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एकाने उभे राहून सांगितले, "सर, बाहेर ऑफिसात लिबरऑफिस येतं का असं कुणी विचारत नाही. तुम्ही पोरांना मागं ठेवताय." त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. नोकरीच्या दारात मुलाला बटणे शोधत बसावे लागले तर आमच्या तत्त्वाचा भार त्याच्या माथी. म्हणून उरलेल्या सहा यंत्रांसाठी आम्ही यंत्राच्या नावाचे परवाने विकत घेतले, त्यासाठी एक वर्ष सहलीचा खर्च कमी केला, आणि नववी-दहावीच्या मुलांचे आठवड्यातले दोन तास तिथे लावले. सहल लहान झाल्याचे मुलांनी अजून आम्हांला माफ केलेले नाही.

राहिले ते भेटीचे पाच परवाने. देणारा विद्यार्थी दर वर्षी वर्गणी भरतो आणि त्याला नको म्हणणे आमच्याने होत नाही. आता ते खरोखर पाच माणसांच्या नावावर असतात. दोन कार्यालयात, हिशेबासाठी. उरलेले तीन मुलांपैकी कुणाला, हा दर जूनचा कठीण प्रश्न. नाव बदलता येते, पण अशा काही परवान्यांत नव्वद दिवसांच्या आत पुन्हा बदलता येत नाही, म्हणजे पाळी लावायची तरी सत्राचीच. पहिल्या वर्षी आम्ही हुशार मुले निवडली. तेव्हा बाई म्हणाल्या की हुशार मुलांना आपण सगळेच आधी देतो, वेगळे काय केले? दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या. एक चिठ्ठी अशा मुलाला निघाली ज्याला संगणकाचा कंटाळा होता. गेली तीन वर्षे कामानुसार देतो: स्मरणिका, स्नेहसंमेलन, विज्ञान प्रदर्शन, ज्याच्याकडे त्या सत्रात मोठे काम असेल त्याला. तेही पुरते न्याय्य नाही. मोठे काम कुणाकडे जाते हेही शेवटी आम्हीच ठरवतो.

जुनी दोनशे पानी वही भरली. तिसरी चालू आहे. या अंकातील विद्यार्थी विभाग एका नववीतल्या मुलीने कक्षातच टंकला आहे, आणि तिच्या नावापुढे वहीत सत्राचा शेवट अशी मुदत लिहिली आहे. भेटीचे परवाने जूनमध्ये संपतात. पुण्याहून त्याचा फोन येऊन गेला, नावे कळवा म्हणून. यादी अजून झालेली नाही. सोमवारी बसायचे ठरले आहे.